शिट्टी गळ्यात असेपर्यंत

“सर, आणखी एक भाकरी वाढू का?” मी विचारलं, आणि आई गॅसकडे तोंड करून हसायला लागली.

आप्पांचा हात गळ्याकडे गेला. त्या दिवशी उतरवायची राहून गेलेली शिट्टी तशीच लोंबत होती, आमटीत बुडायची तेवढी बाकी होती. त्यांनी नंदूपुढे मान झुकवली. नंदूने डाव्या हाताने दोरी त्यांच्या डोक्यावरून काढली, दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि परत येऊन जेवायला बसला.

“आता विचार,” आप्पा मला म्हणाले.

“आप्पा, भाकरी वाढू?”

“वाढ की. मघापासून ताट रिकामं आहे माझं.”

आमच्या घरातला हा कायदा होता. शिट्टी गळ्यात असेपर्यंत ते सर. शिट्टी उतरली की आप्पा. आणि शिट्टी उतरवायचा मान नंदूचा, माझ्या धाकट्या भावाचा. माझा नाही, कारण मी म्हणे ती ओढून काढते आणि त्यांचे केस अडकतात. आता त्यांना केस होते किती, ते सोडा.

आप्पा म्हणजे भूपाल मगदूम, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. दिवसभर उसाच्या रसाचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवायचे. कॉलेजात असताना ते विद्यापीठाकडून खेळले होते, पुढे नोकरी लागली आणि खेळ सुटला. कॉलनीत आल्यावर त्यांनी कारखान्याच्या मागे लागून शाळेशेजारी सिमेंटचं कोर्ट करून घेतलं. रिंग कारखान्याच्या वर्कशॉपमध्येच बनवली होती. इतकी कडक होती बया, की जरा चुकलेला बॉल थेट कुंपणाबाहेर उसात जायचा. त्यामुळे आमच्या पोरांचा नेम मात्र पक्का झाला.

सुरुवातीला सर-बिर काही नव्हतं. आम्ही कोर्टावरही त्यांना आप्पाच म्हणायचो. नंदू पाचवीत असताना कुणीतरी वरती कारखान्याच्या साहेबांकडे जाऊन सांगितलं, मगदूम फक्त स्वतःच्या पोराला पुढे काढतो, बाकीच्यांनी काय बॉल गोळा करायचे का? आप्पांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्या दिवशी घरी येऊन ते चहाही प्याले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हा कायदा आला. कोर्टावर कुणी आप्पा म्हणालं की कोर्टाला फेऱ्या मारायच्या.

मी त्यांच्याशी वाद घातला. उद्या आई डबा घेऊन कोर्टावर आली तर तिनेही तुम्हाला सर म्हणायचं का, असं विचारलं. त्याच्याही फेऱ्या झाल्या. माझी जीभ अशी असल्यामुळे माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या की मुलींच्या संघात सगळ्यात जास्त दम माझा होता. नंदूला एकदाही फेरी मारावी लागली नाही. तो मुळातच कमी बोलायचा, आणि कायदा त्याने असा पाळला की आप्पांनाही कधीकधी अवघडल्यासारखं व्हायचं.

पण सराव संपवून घरी येताना, कोर्टाच्या फाटकाशी आप्पा थांबायचे. मान झुकवायचे. नंदू लहान होता तेव्हा उडी मारून शिट्टी काढायचा, नंतर नुसता हात वर करून. आणि लगेच म्हणायचा, “आप्पा, भूक लागली.” रोज तेच वाक्य. मग दोघं खांद्यावर हात टाकून चालायला लागायचे आणि मी मागून बॉलची जाळी ओढत यायची. मला राग यायचा त्यांचा. हेवा वाटायचा म्हटलं तरी चालेल.

नंदू दहावीत गेला त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत गेला. त्याआधी कॉलनीचा संघ तिथवर कधी पोचला नव्हता. सामने सांगलीला एका शाळेच्या मैदानावर होते, सकाळी उपांत्य आणि दुपारी अंतिम. राज्याच्या संघासाठी पोरं निवडणारी माणसं अंतिम सामना बघायला येणार होती. नंदूबद्दल त्यांनी आधीच ऐकलं होतं. पोरगा उंच, डावखुरा, आणि बॉल हातात आला की त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच शांतपण यायचं. त्याला राज्याकडून खेळायचं होतं, त्याहून पुढेही जायचं होतं. हे तो कुणाला सांगायचा नाही, पण बॉल उशाशी घेऊन झोपायचा. सगळ्या घराला ते माहीत होतं.

कारखान्याने पोरांना न्यायला ट्रक दिला होता आणि आई, मी आणि आणखी चार बायका जीपमधून गेलो. जीप चालवत होते दस्तगीर मुजावर. कारखान्याचे ड्रायव्हर, आणि आमच्या संघातल्या आयुबचे वडील. मोठे बोलघेवडे. सांगलीपर्यंत आयुबचंच कौतुक चालू होतं, आमचा आयुब असा धावतो, आमचा आयुब तसा धावतो. आई “हो का” म्हणत होती आणि माझ्या पायाला चिमटा काढत होती.

सकाळच्या सामन्यात आयुबचा घोटा मुरगळला. वाईट मुरगळला, पाय टेकवेना. आप्पांनी त्याला बाजूला घेतलं, बूट काढला, क्रेप बँडेज करकचून बांधलं आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं. आयुब लंगडत खेळला. आम्ही जेमतेम जिंकलो. सामना संपल्यावर बूट काढला तर घोटा टम्म सुजलेला, निळा पडलेला. अंतिम सामना त्याने पायरीवर बसूनच बघायचा, हे उघड होतं.

मुजावरांनी पोराचा पाय मांडीवर घेतला. मग आप्पांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “साहेब, तुमचं पोरगं असतं तर पळवलं असतं का असं?”

पायऱ्यांवर सगळी कॉलनी बसली होती. पोरांचे आईबाप, शाळेचे मास्तर, कोण कोण. पाच वर्षं आप्पा ज्या एका वाक्याला भीत होते, ते वाक्य सांगलीच्या भर मैदानात त्यांच्या तोंडावर येऊन पडलं.

आप्पा म्हणाले, “माझं असतं तरी हेच केलं असतं.”

एवढंच बोलले आणि पाणी प्यायला निघून गेले. आई माझ्या कानात म्हणाली, “कशाला असं बोलायचं यांनी? उगाच.” मला मात्र तेव्हा आप्पांचा अभिमान वाटला होता. वाटला होता, खोटं कशाला सांगू. बापमाणूस कसा सगळ्यांना सारखा, असं मनात आलं होतं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. समोरचा संघ सांगलीचाच, शहरातली पोरं, सगळ्यांचे बूट एका रंगाचे. आमच्यातल्या दोघांच्या पायात तर कॅनव्हासचे शाळेचेच बूट होते. पण नंदूने पहिल्यापासून सामना ताब्यात घेतला. निवड समितीची माणसं टेबलाशेजारी खुर्च्या टाकून बसली होती. त्यांतले एक गृहस्थ दर वेळी नंदूकडे बॉल आला की पुढे वाकायचे. आईला खेळातलं फार कळत नव्हतं, पण त्या गृहस्थांचं वाकणं तिला बरोबर कळत होतं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

मध्यंतरानंतर थोड्या वेळाने ते झालं. समोरच्या पोराचा बॉल रिंगला लागून उडाला. नंदूने उडी मारून तो वरच्यावर धरला आणि खाली आला तो दुसऱ्याच्या पायावर. गुडघा आत वळला. आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडल्यासारखा, बारीक. नंदू ओरडला नाही. तो बॉल पोटाशी धरून खाली बसला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

पंचाने खेळ थांबवला. आप्पा चालत त्याच्याजवळ गेले. धावत नाही, चालत. मी पायऱ्यांवरून उतरून कोर्टाभोवतीच्या दोरीपाशी गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून बघितलं.

नंदूने वर बघितलं आणि म्हणाला, “आप्पा.”

पाच वर्षांत पहिल्यांदा. कोर्टावर, शिट्टी गळ्यात असताना.

“आप्पा, काहीतरी तुटलंय.”

आप्पांचा चेहरा क्षणभर हलला. ते खाली वाकले. त्यांचा हात नंदूच्या गुडघ्याकडे गेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि मग त्यांनी मान वर करून पायऱ्यांकडे बघितलं. तिथे मुजावर बसले होते, आयुबचा निळा पाय मांडीवर घेऊन. अख्खी कॉलनी बसली होती आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

आप्पा सरळ उभे राहिले.

“इथं आप्पा कोण आहे?” ते म्हणाले. “ऊठ.”

मी दोरी ओलांडली. त्याला बाहेर काढा, त्याचा पाय बघा, असं मी ओरडले. आणखीही बरंच ओरडले असेन, काय ते आठवत नाही. आप्पांनी माझ्याकडे न बघता बोटाने बाहेरचा रस्ता दाखवला. शाळेच्या दोन शिक्षकांनी मला धरून मागे नेलं. मी त्यांतल्या एकाच्या हाताला चावले, हे आईने नंतर सांगितलं.

नंदू तसाच आप्पांकडे बघत होता. मग त्याने बॉल बाजूला ठेवला, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि उठला.

“हो सर,” तो म्हणाला.

आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर तेच क्रेप बँडेज बांधलं, सकाळी आयुबच्या पायाला बांधलं होतं तसंच, करकचून. खेळ पुन्हा सुरू झाला.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. नंदू खेळला. धावता येत नव्हतं म्हणून तो रिंगखाली उभा राहायचा, पोरं त्याच्याकडे बॉल टाकायची आणि तो एका पायावर उडी मारून बॉल आत घालायचा. दर उडीनंतर तो खाली यायचा तेव्हा त्याचा गुडघा एकीकडे जायचा आणि तो दुसरीकडे. दोनदा पडला. दोनदा उठला. आई तोंडावर पदर धरून बसली होती. खुर्चीतले ते गृहस्थ आता पुढे वाकत नव्हते, ते खाली जमिनीकडे बघत होते.

शेवटी मुजावरच उठले. आयुबचा पाय खाली ठेवून ते पायऱ्या उतरले आणि आप्पांच्या मागे जाऊन उभे राहिले. ज्या माणसाचं बोलणं सांगलीपर्यंत थांबलं नव्हतं, त्याने आता नुसते हात जोडले.

“साहेब, काढा त्याला भाईर,” ते म्हणाले. “सकाळी बोललो ते मी मागं घेतो. पाया पडतो तुमच्या. पोर बाद होईल वो.”

आप्पांनी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. त्यांनी शिट्टी दातांत धरली होती. ती वाजत नव्हती, नुसती दातांत होती.

आम्ही जिंकलो. एका बास्केटने. पोरांनी उड्या मारल्या, आप्पांना उचललं, कप आला, फोटो निघाला. नंदू फोटोत नाही. तो कोर्टावर जिथे होता तिथेच बसून राहिला होता. त्याला मुजावरांनी उचललं. उंच पोरगा, पण त्यांनी लहान मुलासारखा दोन हातांवर घेतला आणि जीपमध्ये आणून ठेवला. आयुबही मागे आला, लंगडत. दोन्ही पोरं शेजारी शेजारी पाय लांब करून बसली.

जीप निघाली. आप्पा पुढे मुजावरांच्या शेजारी बसले होते. शिट्टी अजून गळ्यात होती. अंकलीच्या पुलाजवळ त्यांनी मान मागे वळवली आणि नंदूसमोर झुकवली, रोज फाटकाशी झुकवायचे तशी. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. नंदू काढेल शिट्टी. रडेल, शिव्या देईल, काहीही करेल, पण काढेल.

नंदू बाहेर नदीकडे बघत होता.

आप्पांनी बराच वेळ मान तशीच ठेवली. मग मुजावरांनी खड्डा चुकवायला जीप वळवली, तेव्हा ते सरळ बसले.

दुसऱ्या दिवशी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर डॉक्टर होते, तोंडाने फटकळ. त्यांनी नंदूचा गुडघा हातात धरून पुढेमागे हलवला. आतला दोर तुटलाय, ते म्हणाले, आणि गादीची पार चाळण झालीय. दोर पडल्याबरोबर तुटला असेल, पण गादी नंतर गेली.

“पडल्यावर खेळलास का रे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कुठवर?”

“सर थांब म्हणेपर्यंत,” नंदू म्हणाला.

डॉक्टर भडकले. असल्या गाढवांच्या हातात पोरं कोण देतं, असं म्हणाले. मग आप्पांकडे वळून म्हणाले, “तुम्ही वडील ना? तुमच्या पोराच्या त्या सराला एकदा माझ्याकडे पाठवा. मला त्याच्याशी बोलायचंय.”

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. “सांगतो त्यांना,” ते म्हणाले.

नंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाची ऑपरेशनं होती तसं. पाय वाचला, खेळ गेला. जिना उतरताना तो आजही कठडा धरतो. राज्याच्या संघात नंदूच्या जागी सांगलीचा एक पोरगा गेला. ते पत्ररूपाने कुणी कळवलं नाही, कळवायची गरजही नव्हती.

सांगलीहून घरी आल्यावर आप्पांनी शिट्टी दारामागच्या खिळ्याला लावली ती कायमची. कोर्टावर पुन्हा गेले नाहीत. पोरं बोलवायला आली, साहेबांनी निरोप पाठवला, तरी नाही. संध्याकाळी कारखान्यातून आले की नंदूच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचे. प्लास्टरमध्ये त्याला खाज सुटली की विणायची सुई घालून खाजवून द्यायचे. त्याला उचलून न्हाणीत न्यायचे.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी नंदू त्यांना म्हणाला, “सर, पाणी देता का?”

आप्पा हसले. त्यांना वाटलं, माझ्यासारखी थट्टा करतोय. ते गळ्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे, शिट्टी कुठंय? बघ की, खिळ्याला आहे.”

“हो सर,” नंदू म्हणाला.

आप्पांनी पाणी दिलं.

पहिला महिना आम्ही वाट बघितली. राग आहे, उतरेल. मग आईने त्याला समजावलं, मग त्याच्यापुढे रडली, मग एकदा मुस्काटात मारली. नंदू मार खाऊन घ्यायचा आणि सर म्हणायचा. बरं, उद्धटपणा कसलाच नाही. आवाज चढवणं नाही, उलट उत्तर नाही. सर, तुमची गोळी राहिली. सर, पेपर आला. सर, मी जयसिंगपूरला खताचं दुकान टाकतोय, तुम्ही पूजेला या. आप्पांना मोतीबिंदू झाला तर हाताला धरून मिरजेला नेलं, डोळ्यात थेंब घालायला रोज सकाळी न चुकता आला. शेजारणी आईला म्हणायच्या, वहिनी, नशीबवान आहात, आजकाल बापाला एवढा मान कोण देतं? आई हो हो म्हणायची आणि आत येऊन भांडी आपटायची.

मी एकदाच त्याला विचारलं. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. हळदीचा गोंधळ चालला होता आणि तो मागच्या अंगणात पाय लांब करून बसला होता. मी त्याला झाप झाप झापलं. म्हटलं, पाय तुझा गेला हे खरं, पण तो माणूस रोज मरतोय ते दिसतं का तुला? एक शब्द म्हणायला काय जातं तुझं? पायाचा एवढा सूड?

“पायाचं काही नाही गं, पदी,” तो म्हणाला. “पाय कुणाचाही जातो.”

“मग?”

तो गुडघा चोळत बसला.

“मी आप्पांना हाक मारली होती,” तो म्हणाला. “आले सर. तेव्हापासून मला आप्पा सापडेनात. मी मुद्दाम नाही करत. तोंड उघडतो आणि सरच येतं.”

मी तिथेच बसून रडले. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, माहेर सोडायचं म्हणून पोरगी रडून रडून सुजलीय.

हे आप्पांना मी कधी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांनी तरी कधी तोंड उघडून त्याची माफी मागितली का? नाही. नाही मागितली. दर वेळी नंदू आला की गळ्याशी हात न्यायचे, शर्टाची कॉलर नीट करायचे, आणि शिट्टी आपल्या गळ्यात नाही हे त्याला दिसेल असे बसायचे. हीच त्यांची माफी. दोघंही एका मुशीतले, मुलखाचे हट्टी.

मागच्या वर्षी आप्पा गेले. आई त्याआधीच गेली होती. आप्पांच्या फुप्फुसात पाणी झालं, मिरजेच्याच दवाखान्यात होते. नंदू दुकान बंद करून त्यांच्या उशाशी बसलेला असायचा. त्यांचं अंग पुसायचा, कूस बदलायचा, नर्सला हात लावू द्यायचा नाही. मी पुण्याहून गेले तेव्हा आप्पांचं भान जात-येत होतं. कधी कारखान्यातल्या नमुन्यांबद्दल बोलायचे, कधी आईला हाक मारायचे. मला त्यांनी ओळखलं. “फेऱ्या झाल्या का तुझ्या?” म्हणाले. मी म्हटलं, झाल्या सगळ्या.

दुपारी ते अस्वस्थ झाले. नाकाशी ऑक्सिजनचा मास्क होता, त्याचा रबरी पट्टा मानेमागून घेतला होता. त्यांचा हात सारखा तिथे जायला लागला. पट्टा ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. नंदू दर वेळी हात धरून हळूच खाली ठेवायचा. त्यांना त्रास होतोय, टोचतोय, असं नर्सला वाटलं. तिने पट्टा सैल केला. तरी हात तिकडेच.

मग त्यांनी डोळे उघडले. नंदू समोर होता. त्यांनी त्याला नीट बघितलं, आणि उशीवरून डोकं उचललं. कसं उचललं देवाला माहीत, अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी मान पुढे घेतली आणि नंदूसमोर झुकवली. आणि तशीच धरून ठेवली.

मला कळलं. नंदूलाही कळलं. त्याचा चेहरा मी बघितलाय, त्याला कळलं नाही असं मला कुणी सांगू नये. त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं पट्ट्याला लागली. त्याचे ओठ उघडले, आणि मी, पन्नाशीची बाई, मनात धावा करायला लागले की म्हण रे, म्हण एकदा, भूक लागली म्हण, काहीही म्हण.

त्याने पट्टा मानेमागे सरळ केला.

“सर,” तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “मान सरळ ठेवा, सर. नळी निघेल.”

आणि आप्पांनी मान सरळ केली.